गिऱ्हाइकाची लाज कशी बाळगावी

पहिल्या दिवशी दुकानात जाऊ नका. ब्रिटनमधल्या एखाद्या जुन्या, नावाजलेल्या आणि सध्या धाप लागलेल्या कपड्यांच्या कंपनीची सूत्रं तुमच्या हाती आली आहेत, तेव्हा एक चक्कर मारून यावी असा मोह होणारच. पण दुकानात गेलात तर तिथे गिऱ्हाईक भेटेल. भेटलं की ते बोलेल. आणि अशा काही गोष्टी फुकटात सांगून जाईल, की मग सल्लागारांना लाखो पौंड कशासाठी द्यायचे हे संचालक मंडळाला पटवणं अवघड होऊन बसेल.

हे गिऱ्हाईक म्हणजे साधारण पंचावन्न-साठीची बाई. हातात छत्री, पर्समध्ये पैसे. घराचं कर्ज फिटलेलं, मुलं मार्गाला लागलेली. तिला एक काळी पँट हवी असते. कमरेला नीट बसणारी, खाली बसल्यावर न काचणारी आणि चार धुण्यांनंतरही काळीच राहणारी. जमलं तर पूर्ण बाह्यांचा एक ड्रेस. एवढं मिळालं तर ती एकाऐवजी तीन पँटी घेईल आणि घरी जाऊन बहिणीला फोन करील. तुमच्या सगळ्या संकटाचं मूळ ही बाई आहे, हे मनावर ठसवून घ्या. कारण ती पंचविशीची नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. मार्क्स अँड स्पेन्सरचा इतिहास त्यासाठीच घडला आहे. आजच्या बेलारूसमधल्या स्लोनिमहून आलेल्या मायकल मार्क्स नावाच्या ज्यू निर्वासिताने 1884 मध्ये लीड्सच्या कर्कगेट बाजारात मांडणी मांडली आणि पाटी लावली : ‘किंमत विचारू नका, एक पेनी आहे.’ (पुणेकरांनी नोंद घ्यावी. ‘विचारू नका’ असं लिहूनही माल विकता येतो.) दहा वर्षांनी थॉमस स्पेन्सर भागीदार झाला. पुढची शंभर वर्षं या दुकानाने एकच कंटाळवाणी गोष्ट केली. येईल त्याला टिकाऊ कपडा दिला, आणि नाही आवडला तर पैसे परत दिले. पावती दाखवली की पुरे. कपडा नेऊन किती महिने झाले हे कुणी विचारत नसे. 1998 मध्ये करपूर्व नफा शंभर कोटी पौंडांच्या वर गेला. एवढा नफा कमावणारी ती ब्रिटनमधली पहिली किरकोळ विक्रेता कंपनी. अशा वेळी खरं तर अंगावर काटा यायला हवा होता. एवढे सगळे पैसे कुणाकडून येत होते? त्या बाईकडून!

तीन वर्षांत नफा साडेचौदा कोटींवर आला. याची खरी कारणं रुक्ष होती. स्पर्धक परदेशातून स्वस्त माल शिवून आणत असताना ब्रिटिश कारखान्यांवर जास्त काळ विसंबणं, झारा-नेक्स्टसारखे चपळ शेजारी, आणि विसावं शतक संपत आलं तरी आपल्या स्वतःच्या कार्डाखेरीज दुसरं क्रेडिट कार्ड न स्वीकारण्याचा बाणा. पण रुक्ष कारण सापडलं की रुक्ष उपाय करावा लागतो. म्हणून तुम्ही कायम दुसरं कारण निवडा : आपलं गिऱ्हाईक शोभत नाही.

निदान झालं की उपचार सोपे. आधी जाहिरात. 2000 साली या कंपनीच्या जाहिरातीत सोळा मापाची एक बाई अंगावरचे सगळे कपडे टाकत टेकडी चढली आणि माथ्यावर उभं राहून ‘मी नॉर्मल आहे’ असं ओरडली. कपड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत कपडाच नसावा, आपल्या मालाविषयी इतकी प्रांजळ कबुली त्यानंतर कुणी दिल्याचं ऐकिवात नाही.

मग नावं. ‘सेंट मायकल’ ही 1928 पासूनची खूणचिठ्ठी लोक डोळे मिटून विकत घेत, म्हणजे ती काढणं आलंच. तिच्या जागी वाड्यात बिऱ्हाडं वाढावीत तसे पोटब्रँड वाढवा. ऑटोग्राफ, पर युना, लिमिटेड कलेक्शन, क्लासिक, इंडिगो, पोर्टफोलिओ. अशी सगळी बिऱ्हाडं मार्क्स अँड स्पेन्सरमध्ये नांदून गेली. पर युना चांगलं खपलं हे मान्य करायला हवं, पण अपवादाने खचून जाऊ नये. काळी पँट शोधणाऱ्या बाईला सहा कोपरे हिंडायला लागले पाहिजेत, आणि एका कोपऱ्यातलं चौदा माप दुसऱ्या कोपऱ्यात सोळा निघालं पाहिजे. प्रत्येक कोपऱ्यावर एक काल्पनिक स्त्री नेमा : ही ‘शहरी, आत्मविश्वासू’, ती ‘रोमँटिक, मुक्त’. खरी स्त्री या दोघींच्या मध्ये उभी राहून झिप कुठे आहे ते बघत असेल. तिच्याकडे दुर्लक्ष करा.

माणसं नेमताना कपड्यातलं कळणारा माणूस शक्यतो टाळावा. 2010 मध्ये या कंपनीने मुख्याधिकारी आणला तो आधी बिअर आणि मग किराणा विकून आलेला. 2017 मध्ये कपडे विभागाच्या प्रमुखपदी आलेल्या बाई त्याआधी सायकली आणि मोटारींचे सुटे भाग विकणारी साखळी चालवत होत्या, त्याच्याही आधी बर्गर. दोघंही हुशार, यात शंका नाही. पण 2019 च्या वसंतात जीन्सची दणक्यात जाहिरात झाली, लोक खरोखरच दुकानात आले, आणि मापं संपलेली. तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः याबद्दल जाहीर त्रागा केला आणि त्या उन्हाळ्यात बाईंची खुर्ची गेली. मला विचाराल तर अन्याय झाला. आलेल्या माणसाला माप मिळू नये, ही गिऱ्हाईक घटवण्याची सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. सगळ्या मापांचा माल सारख्या संख्येने मागवायचा; मग हंगामाच्या शेवटी अगदी लहान आणि अगदी मोठी मापं तेवढी टांगलेली राहतात आणि बारा-चौदा-सोळावाल्या बायका शेजारच्या दुकानात सापडतात.

आता अंतर्वस्त्रं. इथे थोडं थांबायला हवं, कारण ब्रिटनमध्ये राजा, संसद आणि मार्क्स अँड स्पेन्सरची चड्डी या तीन संस्थांवर लोकांची श्रद्धा असते, आणि पहिल्या दोन्हींवर वेळोवेळी टीका झालेली आहे. आमच्याकडेही लंडनहून येणाऱ्या आत्याच्या बॅगेत चॉकलेटांच्या खाली काय दडलेलं असतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत असे. फक्त त्याचा उच्चार होत नसे. तर 2008 मध्ये बीबीसीवर मंत्र्यांना घाम फोडणाऱ्या जेरेमी पॅक्समन यांनी तेव्हाचे प्रमुख स्टुअर्ट रोझ यांना ईमेल केला : तुमच्या चड्ड्यांमधून आता पुरेसा आधार मिळत नाही. मोजेसुद्धा पूर्वीसारखे राहिले नाहीत. पत्र फुटलं, देशभर चर्चा झाली. एवढा नामवंत माणूस फुकटात दर्जाची तपासणी करून देतो, याचा अर्थ तुमचं गिऱ्हाईक अजून तुमच्यावर जीव टाकून आहे. सावध व्हायला हवं ते इथे.

सावध झालेल्या कंपनीचं पुढचं पाऊल अभ्यासण्यासारखं आहे. डीडी आणि त्यापुढच्या मापाच्या ब्रासाठी दोन पौंड जादा आकार. कारण कापड जास्त, शिवण जास्त, मेहनत जास्त. युक्तिवाद तर्कशुद्ध होता, फक्त मोठ्या मापाच्या कोटाला किंवा शर्टाला तो लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. बायका चिडल्या, फेसबुकवर हजारोंनी जमल्या. त्यांच्यातल्या एकीने कंपनीचा चक्क एक शेअर विकत घेतला, साधारण साडेतीन पौंडांना, म्हणजे वार्षिक सभेत जाऊन अध्यक्षांना तोंडावर विचारता येईल. 2009 च्या मे महिन्यात कंपनीने जादा आकार रद्द केला आणि वर्तमानपत्रांतून पानभर माफी मागितली. तुम्ही एवढे कच्चे राहू नका. आकार लावाच, पण त्याला ‘प्रीमियम फिट’ म्हणा.

वेबसाइटही बदलून घ्या. जुनी चालत असेल तर विशेषच. 2014 च्या फेब्रुवारीत पंधरा कोटी पौंड खर्चून कंपनीने नवी साइट उघडली आणि जुन्या साठ लाख खातेदारांना पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवायला लावलं. पुढच्या तिमाहीत ऑनलाइन विक्री आठ टक्क्यांनी घसरली. दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला ‘आपण कोण?’ विचारण्याचा हा एवढा खर्चिक मार्ग दुसरा कुणाला सुचला नसता. या साऱ्या परिश्रमांचं चीज 2019 मध्ये झालं. लंडन शेअर बाजाराच्या शंभर मोठ्या कंपन्यांच्या यादीत, म्हणजे फुट्सी 100 मध्ये, ही कंपनी ती यादी सुरू झाल्यापासून होती. त्या सप्टेंबरात ती बाहेर पडली.

पण हे सगळं कष्टाचं काम. तुम्हाला झटपट निकाल हवा असेल तर डेबनहॅम्सच्या पायरीवर डोकं टेका. ब्रिटनमधली मोठमोठ्या दुकानांची साखळी, 1778 ची पेढी. 2003 मध्ये तीन गुंतवणूक कंपन्यांनी ती मिळून घेतली आणि त्यांच्या लक्षात आलं की अरेच्चा, या दुकानांच्या इमारती तर दुकानाच्याच मालकीच्या आहेत! हा केवढा गलथानपणा. 2005 मध्ये 23 इमारती 49.5 कोटी पौंडांना विकल्या आणि त्याच इमारतींमध्ये दुकान भाड्याने राहू लागलं. भाडेकरार तीस-पस्तीस वर्षांचे. मालकांनी लाभांशापोटी शंभर कोटींहून जास्त पौंड काढून घेतले आणि 2006 मध्ये कंपनी कर्जासकट पुन्हा शेअर बाजारात सोडली. घरमालकाचा भाडेकरू झाल्याने माणूस नम्र होतो, असं म्हणतात. डेबनहॅम्स इतकी नम्र झाली की गिऱ्हाइकाला दर काही आठवड्यांनी पंचवीस टक्के सूट देऊ लागली. गिऱ्हाईकही शहाणं, पूर्ण किमतीला घ्यायचंच सोडून दिलं. मे 2021 मध्ये शेवटचं दुकान बंद झालं. त्याआधीच बूहू या फक्त ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने नाव आणि वेबसाइट साडेपाच कोटींना उचलली होती. इमारती नको, माणसं नको, नाव तेवढं द्या. दोनशे त्रेचाळीस वर्षांच्या दुकानातून गिऱ्हाइकाचा त्रास कायमचा संपवण्याचं असं दुसरं उदाहरण नाही.

बीएचएस, म्हणजे ब्रिटिश होम स्टोअर्स या दुकानसाखळीचं उदाहरण त्याहून आटोपशीर. फिलिप ग्रीन या उद्योगपतींनी ती 2000 साली 20 कोटी पौंडांना घेतली. पहिल्या काही वर्षांतच 40 कोटींहून अधिक लाभांश वाटला गेला आणि त्यातला मोठा वाटा मालकांच्याच घरी गेला. 2006 मध्ये ग्रीन ‘सर’ झाले, किरकोळ व्यापाराच्या सेवेबद्दल. 2015 मध्ये त्यांनी कंपनी एक पौंडाला विकली. घेणारा पूर्वी दिवाळखोर ठरलेला आणि दुकानदारीचा अनुभव नसलेला. वर्षभरात ती बुडाली. अकरा हजार नोकऱ्या गेल्या आणि पेन्शन निधीत 57.1 कोटींचं भगदाड निघालं. पुढे बरीच ओढाताण होऊन ग्रीन यांनी 36.3 कोटी भरले. इथे मात्र मला विनोद सुचत नाही, कारण त्या अकरा हजारांत कित्येक बायका तीस-तीस वर्षं त्याच काउंटरवर उभ्या होत्या. असो. तुमच्या दृष्टीने शिकण्याची गोष्ट एवढीच, की एक पौंड ही किंमत मार्क्सच्या त्या काळच्या एका पेनीच्या दोनशे चाळीसपट आहे.

मायदेशी डाळ शिजत नसेल तर भारतात या. 2008 मध्ये रिलायन्सशी भागीदारी झाली आणि जे दुकान इंग्लंडात मावशीचं समजलं जातं ते मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये उंची ठरलं. तेच कार्डिगन, तोच गळा. लेस्टरमधल्या मुलीला ते दुकान आईचं वाटतं म्हणून नको असतं, आणि कोथरूडमधल्या तिच्या मामेबहिणीला पहिल्या पगारात तिथेच जायचं असतं. लाज ही वस्तू विमानात चढत नसावी.

आता एक धोका सांगून ठेवतो. अलीकडे या मार्क्स अँड स्पेन्सरमध्येच काही लोकांनी भलतं खूळ काढलं. पोटब्रँड कमी केले, उठसूट लागणारे सेल आवरले, मधल्या मापांचा माल जास्त मागवला आणि पँट बसते की नाही हे बघू लागले. परिणाम व्हायचा तोच झाला. बाई परत आली. येताना लेकीलाही घेऊन आली. 2023 मध्ये कंपनी पुन्हा त्या शंभरांच्या यादीत जाऊन बसली. 2025 च्या ईस्टरला सायबर हल्ला झाला, दीड महिना ऑनलाइन ऑर्डरी बंद राहिल्या, तीस कोटींचा फटका बसेल असा अंदाज कंपनीनेच दिला. तरी लोक फळ्या रिकाम्या असलेल्या दुकानांत जाऊन उभे राहिले. इतका चिवटपणा बरा नव्हे. अशा गिऱ्हाइकाला हाकलायला तुम्हाला निदान दोन कारकिर्दी लागतील.

तुमची एकच गृहीत धरू. तिमाही आकडे जाहीर करताना काय बोलायचं ते आत्ताच पाठ करून ठेवा. थंडी पडली तर लोक घराबाहेर पडले नाहीत. थंडी पडली नाही तर कोट खपले नाहीत. पाऊस आला तर रस्ते ओस पडले, ऊन आलं तर सगळे समुद्रावर गेले. हवामान अगदी वेळेवर आणि अगदी योग्य असण्याची वेळ ब्रिटनमध्ये सहसा येत नाही. आलीच तर ब्रेक्झिट आहे.