खुलासा : ‘द ट्रेन इज कमिंग’ चूक नाही

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोल्हापूरच्या मुलांत एक मेसेज फिरतोय : ‘द ट्रेन इज कमिंग’ चूक, ‘विल कम’च लिहा. हे साफ चुकीचं आहे. मिरजेकडून येणारी गाडी फलाटावरून दिसू लागली की ‘इज कमिंग’च म्हणायचं, तिथं ‘विल कम’ कानाला खटकतं. वेळापत्रकातली वेळ सांगताना साधा वर्तमानकाळ : ‘द ट्रेन अराइव्हज अ‍ॅट सेव्हन’.

खरी गफलत होते ती ‘अबाउट टू’पाशी. ‘इज अबाउट टू अराइव्ह’ म्हणजे अगदी येतच आहे; त्यापुढं ‘इन ट्वेंटी मिनिट्स’ जोडलं की वाक्य बिघडलं. वीस मिनिटं असतील तर ‘इज ड्यू इन ट्वेंटी मिनिट्स’ लिहा. आणि ‘अराइव्ह टू कोल्हापूर’ कधीच नाही : शहराला ‘इन’, स्टेशनला ‘अ‍ॅट’.