कळलावीने भांडणं होत नाहीत

‘कळलावी दारात लावली की घरात भांडणं लागतात, उपटून टाका’ असा मेसेज सध्या फिरतोय. कृपया उपटू नका! कळलावी ही एक फुलवेल. हिचा कंद पूर्वी बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून वापरत. नाव त्या कळांवरून पडल्याचं सांगतात, भांडणाशी संबंध नाही.

खरी काळजी वेगळीच. कोल्चिसिन या विषारी द्रव्यामुळे सगळी वेल विषारी आहे, कंद तर सर्वाधिक. लहान मुलं, गुरं यांच्यापासून लांब लावा, कंद हाताळल्यावर हात धुवा. औषध म्हणून घरी काहीही करू नका.

पानाचं टोकच तणाव्यासारखं वळून आधार धरतं, म्हणून कुंपणाशी लावा. फूल हिरवट उमलतं, पिवळं होतं, मग लालभडक. पावसाळ्यानंतर वेल वाळते. ती मेलेली नसते, जमिनीत कंद जिवंत असतो.