31 लाख कोटी नेले कोणी?

बाजार आपटला की एक मेसेज हटकून फिरतो. 4 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स 4,390 अंशांनी कोसळला. त्याचा दाखला देणाऱ्या मेसेजचा मथितार्थ असा: सामान्यांचे 31 लाख कोटी एका दिवसात लुटले, पैसा परदेशी संस्थांनी नेला, कंपन्या भिकेला लागल्या, एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक काळाने जाणारा हप्ता) बुडाली, बाहेर पडा.

31 लाख कोटी हा आकडा खरा आहे, पण तो कुठल्या तिजोरीतला पैसा नव्हे. शेवटच्या सौद्याच्या भावाला कंपनीच्या सगळ्या शेअर्सनी गुणले की बाजारमूल्य निघते; सगळ्या कंपन्यांच्या या मूल्यात त्या दिवशी झालेली घट म्हणजे हे 31 लाख कोटी. सोसायटीत 20 फ्लॅट आहेत. मागे एक 60 लाखांना गेला, आज कुणी अडचणीपायी 55 ला दिला. कागदावर सोसायटी एक कोटीने गरीब झाली. बाकीचे 19 जण जेवून झोपले.

‘सामान्यांचे’ म्हणाल, तर एलआयसीचे 96.5 टक्के शेअर तेव्हा सरकारकडे होते. त्यांची घसरणही याच बेरजेत धरली. आणि आदल्याच दिवशी, एक्झिट पोलच्या जोरावर, हे मूल्य जवळपास 14 लाख कोटींनी फुगले होते. ते कुणाच्या खिशातून आले, हे विचारणारा मेसेज मला तरी आला नाही.

परदेशी संस्थांची त्या दिवशीची निव्वळ विक्री साधारण 12,400 कोटींची, म्हणजे 31 लाख कोटींच्या अर्धा टक्काही नाही. तो पैसाही समोरच्या गिऱ्हाइकाने मोजला आणि बदल्यात शेअर घेतले.

कंपनीला पैसा मिळतो आयपीओत (शेअर पहिल्यांदा लोकांना विकताना) किंवा नंतर नवे शेअर काढताना. नंतरचे सौदे तुमच्या-माझ्यातले. भाव पडला म्हणून कारखान्याची यंत्रे थांबत नाहीत. (प्रवर्तकाने शेअर तारण ठेवले असतील तर मात्र त्याची झोप उडते.)

एसआयपीचा हप्ता त्या दिवशी गेला असेल तर युनिट जास्तच मिळाली. 7 जूनला सेन्सेक्स विक्रमी पातळीवर बंद झाला. दरवेळी इतके लवकर सावरत नाही, हेही खरे: जानेवारी 2008 चे शिखर पुन्हा दिसायला नोव्हेंबर 2010 उजाडला. दोन वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये ठेवणाऱ्याला त्या काळात खरोखरच फटका बसला.

आता ‘लुटले’ या शब्दाकडे येऊ. एकाचे गेले तेच दुसऱ्याला मिळाले, असा हिशेब खरोखर लागतो तो फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर केलेल्या मुदतीच्या सौद्यांत. त्यातूनही ब्रोकरेज आणि कर वेगळे कापले जातात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या 100 पैकी 93 वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला, खर्च धरून एकूण 1.8 लाख कोटींच्या वर. हे कागदावरचे मूल्य नव्हे, खात्यातून वळते झालेले पैसे.

लुटीचा मेसेज मला ज्या ग्रुपवर आला, तिथेच दर आठवड्याला एक्स्पायरीच्या (ऑप्शन्सची मुदत संपते त्या दिवसाच्या) ‘खात्रीच्या’ टिपाही येतात. त्यांच्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग असते.