खुलासा : ईसीएचएस आणि मुलांचे दात
ईसीएचएस म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीची आरोग्य योजना. तिच्याबद्दल माजी सैनिकांच्या गटांत मेसेज फिरतोय : ‘ईसीएचएस कार्डावर दातांचे उपचार होत नाहीत. दुधाचे दात तर पडणारच, दाखवायचे कशाला?’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. २००३ पासूनच्या या योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये दंतवैद्य असतात. माझ्या मुलीची किडलेली दाढ तिथेच भरली. (सेवेतल्या जवानांच्या कुटुंबांसाठी लष्करी दंत केंद्रं आहेत, ती सोय वेगळी.)

आणि दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात. कीड मुळाशी गेली की पू होतो, खालून येणाऱ्या पक्क्या दातालाही इजा पोहोचू शकते. रात्री फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासाच. तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढीच. बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.