तिथी सांगा, मग खोलीचं बघू

पैसे भरून राहायला निघालेल्या माणसालाही कोणी ‘नको’ म्हणू शकतं, हे मला काल संध्याकाळी कळलं. तेही फोनचा स्पीकर चालू असताना, बायको आणि मेहुण्यासमोर.

बेत साधा होता. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव-म्हसळ्यावरून श्रीवर्धन गाठायचं आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून थेट मालवणपर्यंत खाली जायचं. मेहुणा म्हणाला, “एवढं कशाला? हायवेने जाऊ की.” मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा मेहुण्याचा मुलगा बालवाडीत होता; आता तो गाडी चालवायला मागतो. मी एवढंच बोललो आणि विषय संपला.

नकाशावर बोट फिरवायला बसलं की मात्र कोकण काय आहे ते कळतं. किनारा दिसायला सरळ, पण दर थोड्या अंतरावर सह्याद्रीतून एक नदी उतरते आणि खाडी होऊन रस्ता तोडते. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. म्हणून मग बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट, दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट, तवसाळहून जयगडला फेरीबोट. गाडीसकट बोटीत चढायचं आणि पलीकडे उतरायचं. मला ही कल्पना भयंकर आवडते. फोनमधल्या नकाशाला आवडत नाही. ‘फेरी टाळा’ हा पर्याय चुकून चालू राहिला तर तो तवसाळला समोर जयगडचा काठ दिसत असताना आपल्याला राई-भातगावच्या पुलापर्यंत आत पाठवतो, आणि वर ‘सर्वांत जलद मार्ग’ असं बिनदिक्कत लिहितो.

तर मुक्काम हेदवीच्या आसपास करायचा ठरला. कोणीतरी एका घरगुती राहण्याच्या सोयीचा नंबर दिला होता. नावाशेजारी ‘काका (माणूस चांगला आहे)’ असं लिहिलेलं होतं. कंसातला मजकूर वाचून तेव्हाच शंका यायला हवी होती.

“शनिवार-रविवार खोल्या आहेत का?” मी विचारलं.

“खोल्या आहेत. खोल्या कुठे जातात?” पलीकडून उत्तर आलं. मग जरा थांबून, “कोण बोलतंय?”

मी नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. आडनावाशी काका थोडा वेळ रेंगाळले.

“मूळ गाव?”

“सासवडकडचं.”

“कुलदैवत?”

मी खरं तर एसी आहे का एवढंच विचारायला फोन केला होता. “जेजुरीचा खंडोबा,” मी म्हणालो.

“मग इकडे कसे?”

याला काय उत्तर द्यायचं? जेजुरीच्या खंडोबाने भक्तांना समुद्र बघायची बंदी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण असली उत्तरं फोन ठेवल्यावर सुचतात. “व्याडेश्वराला येताय का?” त्यांनीच मला एक संधी दिली. गुहागरचा व्याडेश्वर पुष्कळ घराण्यांचा कुलस्वामी, त्यामुळे तिकडे येण्याचं ते एक सन्माननीय कारण. मी सरळपणे म्हणालो, “नाही, फिरायला.”

“फिरायला येतायत गो,” काकांनी घरात कोणाला तरी कळवलं. आतून एक बाई हसल्या. मोठ्याने नाही, पण स्पीकरवर ऐकू येईल इतपत.

पुढचा प्रश्न गाडीचा. गाडी कुठची, किती उंच, पोट घासतं का. गाडी खाली घरापर्यंत येत नाही, वर देवळाशी लावायची आणि सामान हातात घेऊन पाखाडीने उतरायचं. “गुडघे कसे आहेत?” त्यांनी विचारलं. माझे गुडघे बरे आहेत. बायकोने खूण करून तिचे बरे नाहीत असं सांगितलं. मी ते दडवलं.

“एसी आहे ना?” मी घाईघाईने घुसवलं.

“आहे. लाइट नसते.”

“मासे मिळतील?”

“आमच्याकडे नाही. हर्णैवरून येणार ना? तिथे बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो, बघा आणि या. इथे मोदक मिळतील, पण आधी सांगावं लागतं. किती खाता?”

“पंधरा!” मेहुणा मागून ओरडला.

“तो गृहस्थ कोण?” काकांचा आवाज बदलला. “तो पण येणार आहे का?”

इथे मला सावरून घ्यायची हुक्की आली. आपण अगदीच घाटावरचे अडाणी नाही हे दाखवायला मी म्हणालो, “आम्हाला मुख्य म्हणजे हेदवीची बामणघळ बघायची आहे.” बामणघळ म्हणजे किनाऱ्याच्या कातळातली अरुंद भेग, भरतीचं पाणी तीत कोंडतं आणि उसळून उंच उडतं.

“हां!” काका पहिल्यांदाच खूश झाले. “मग तिथी कोणती येतेय?”

“शनिवार.”

“शनिवार हा वार झाला.”

बायको स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरकडे धावली. “शुद्ध अष्टमी,” ती तिथूनच म्हणाली.

“अष्टमी. आठाची पाऊणपट किती?”

मला शाळा सोडून किती वर्षं झाली ते मी इथे लिहीत नाही. “सहा,” मी म्हणालो.

“म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला. सकाळी सहाला घळीवर उभे राहणार तुम्ही?”

हे गणित मात्र फर्मास आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, पाऊणपट करायची, भरतीची साधारण वेळ हातात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. माझ्या फोनमध्ये यासाठी एक ॲप आहे. ते आधी कर्जाची जाहिरात दाखवतं, मग नेटवर्क नाही म्हणतं. काकांचं ॲप बोटांवर होतं. पण त्या क्षणी कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी डोकं लढवलं, “संध्याकाळीही सहाच्या पुढेमागे भरती असेलच ना?”

“असेल. पण तुम्ही दाभोळची फेरी धरून येणार, म्हणजे पोचेपर्यंत अंधार. आणि अष्टमीला भांगाची भरती, पाण्याला जोर कसला? घळ नुसती गुळणी करील. उधाणाला यायचं, अमावास्येला, पौर्णिमेला.” मग काकांनी एक सुस्कारा टाकला आणि निकाल दिला, “तुम्ही असं करा, सरळ गणपतीपुळ्याला जा. तुमच्यासारख्यांना तेच बरं.”

फोन बंद.

मेहुणा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. बायको फक्त म्हणाली, “माणूस चांगला आहे.”

हसायला मीही हसलो. पण रात्री ते ‘तुमच्यासारख्यांना’ डोक्यातून जाईना. आमच्यासारखे म्हणजे कोण? किनाऱ्यावर वाळूत गाड्या घालून रुतवणारे आणि मग गावातल्या पोरांकडून ढकलून घेणारे? बाटल्या फोडून जाणारे? असली मंडळी येतात, मला माहीत आहे, आणि काकांनी ती भोगली असणार. पण मी त्यातला नाही, हे त्यांनी विचारलं कुठे? माझं कुलदैवत विचारलं. समुद्र काय कोणाच्या कुळाचा आहे? एकीकडे ‘येवा कोकण आपलाच असा’ म्हणून बोलवायचं आणि आलं की उंबऱ्यावर आडनाव तपासायचं. रागावर राग चढत गेला आणि शेवटी, मराठी माणसाचा कुठलाही राग जिथे जातो तिथे, म्हणजे सरकारवर गेला.

कारण खरं सांगायचं तर हा रस्ता धड असता तर काकांचा नंबर फिरवायची वेळच आली नसती. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं स्वप्न अंतुले मुख्यमंत्री असतानाचं, म्हणजे १९८०च्या आगेमागेचं. ते स्वप्न बघणारी पिढी आजोबा-पणजोबा झाली. बाणकोटच्या खाडीवर पुलाचे खांब कित्येक वर्षं नुसतेच उभे राहिले. फेरीबोटीतून जाणारी माणसं त्यांचे फोटो काढत. आम्हाला बोटीची मौज वाटते, कारण आम्ही एकदाच चढतो. जो त्या काठावर राहतो त्याला शेवटची फेरी सुटल्यावर समोरच्या काठावरचा दवाखाना असून नसल्यासारखा. पूल झाले की मग आमच्यासारखे आणखी हजारो जण सुसाट येतील, हेही खरं, आणि मग काका काय करतील ते मला बघायचंय. माझी चिडचिड अशी दोन्हीकडून होते. पूल नाही म्हणून होते आणि पूल झाला तर काय या विचारानेही होते.

आज सकाळी दात घासत असताना फोन वाजला.

“ते काल बोललात ते पुण्याचे ना?”

मला वाटलं, काकांना पश्चात्ताप झाला. मी तोंडातला फेस गिळून म्हणालो, “हो, बोला काका.”

“मिक्सरच्या भांड्याखालचं वायसर हवंय. मोठ्या भांड्याचं. इथे मिळत नाही, चिपळूणला चुकीचं देतात. तुमच्याकडे तपकीर गल्लीत मिळेल.”

“पण काका, आम्ही तर गणपतीपुळ्याला...”

“हो ना! म्हणजे तवसाळची फेरी धरणार. वाट आमच्यावरूनच आहे. खाली उतरू नका, गुडघ्यांना त्रास. वर देवळात पुजाऱ्याकडे ठेवा.”

दुपारी मी तपकीर गल्लीत होतो. का होतो, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. दुकानदाराने विचारलं, कंपनी कोणती, भांडं आणलंय का, जुनं वायसर आणलंय का. मागे गिऱ्हाइकांची रांग, शेजारच्या दुकानात कोणीतरी घंटी तपासत होतं, आणि तो “लवकर सांगा” असं दर वाक्याला म्हणत होता. काकांना फोन लावला.

“कोण?”

“पुण्याचा. वायसरवाला.”

“हां हां. थांबा, आत्ता पाहुणे आलेत, खोली दाखवतोय. नगरची मंडळी आहेत. फिरायला आलेत.”

मी तिथे, गर्दीत, एका कानात बोट घालून विचारलं, “त्यांना तिथी विचारलीत?”

“नाही हो. त्यांनी फोनच केला नव्हता. आले आणि ओटीवर बसले. आता बसलेल्या माणसाला काय विचारणार?” मग आतल्या बाईंशी काहीतरी बोलणं झालं. “आणि ऐका, दोन घ्या. हिच्या बहिणीकडे पण तोच मिक्सर आहे.”