वरून सांगितलंय म्हणे!

डोकं फिरलंय आज. एका वेटिंग रूममध्ये खुर्च्यांची आख्खी रांग रिकामी, पुढे दोरी बांधलेली, आणि हाताला सलाईनची पट्टी तशीच चिकटलेले एक आजोबा भिंतीला टेकून उभे. सिक्युरिटीवाला म्हणे, "वरून सांगितलंय, बसू द्यायचं नाही." कुणी? "साहेबांनी." कोणत्या? त्याला नावही माहीत नाही!

माझी आत्या नर्स होती. एकदा नाईटला डॉक्टरांनी फोनवर इंजेक्शनचा डोस सांगितला. तिला तो जास्त वाटला. एवढंच म्हणाली, "सर, येऊन लिहून द्या, मग देते."

सोप्पं वाटतंय? 1966 साली अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. एका अनोळखी 'डॉक्टर'ने वॉर्डात फोन करून 20 मिलिग्रॅम औषध द्यायला सांगितलं. डबीवर स्पष्ट छापलेलं, जास्तीत जास्त 10. तरी 22 पैकी 21 नर्स द्यायला निघाल्या, वाटेत थांबवावं लागलं. (औषध खोटंच होतं, नशीब.) फोनवरचा आवाज कुणाचा, हेही माहीत नव्हतं. साहेबांचं नाव कुणाला हवंय!

आत्या काही रणरागिणी वगैरे नव्हती हो. सासूबाईंपुढे ब्र काढायची नाही. तरी तिथे बोलली.

मान्य, सिक्युरिटीवाल्याची नोकरी जाऊ शकते. मान्य, ऑपरेशन चालू असताना प्रत्येक गोष्टीला फाटे फोडून चालत नाही. आणि त्या पोराचा रागही आता उतरलाय, बारा तास उभा असतो बिचारा.

राग आहे तो बघ्यांचा. मिलग्राम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1961 साली येल विद्यापीठात सुरू केलेले प्रयोग ऐकलेच असतील. सुरुवातीला, प्रयोग घेणाऱ्याने सांगितलं म्हणून, 40 पैकी 26 जणांनी पलीकडच्या खोलीतल्या माणसाला शॉक द्यायची बटणं 450 व्होल्टपर्यंत दाबली. शॉक खोटे होते, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. पलीकडचा माणूस भिंत बडवत होता. राक्षस नव्हते ते, घाम फुटत होता, हात थरथरत होते, तरी दाबत होते. पण पुढच्या एका प्रयोगात शेजारी बसलेल्या दोघांनी "आम्ही नाही करणार" म्हटलं, तर 40 पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले. चार!

आत्याला त्यानंतर सलग नाईट लावल्या, फुकट नव्हतंच ते. पण तिच्या वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टरही हळूहळू "लिहून द्या" म्हणायला लागल्या.

मी दोरी सोडली तेव्हा माझ्याकडे "कशाला वाद घालता मॅडम" अशा नजरेने बघणारे सगळे, तुम्ही नुसतं "बसू द्या की त्यांना" म्हणाला असता तरी पुरलं असतं.