ब्रुनो शुल्त्सची भिंत आणि ‘सुरक्षित आहेत ना’वाले

सकाळपासून एक फोटो फिरतोय. रंग उडालेला गिलाव्याचा तुकडा, त्यावर घोडागाडी हाकणारा एक माणूस, आणि खाली ओळ: नाझींनी मारलेल्या ज्यू चित्रकाराची चित्रं जेरुसलेममध्ये सुखरूप. त्याखाली आपल्याच यादीतल्या शहाण्यासुरत्या लोकांच्या कमेंटी. बरं झालं नेली. तिथे राहिली असती तर आत्ताच्या युद्धात गेली असती. एकाने तर ‘सुरक्षित आहेत ना, मग झालं’ असं लिहून वर अंगठा चिकटवून विषय मिटवून टाकला. अरे, काय झालं? काय मिटलं?

हा गाडीवान कोण आहे ते आधी बघा. तो स्वतः ब्रुनो शुल्त्स आहे, पोलिशमध्ये कथा लिहिणारा ज्यू लेखक आणि चित्रकार. १९४२ साल, आजच्या युक्रेनमधलं द्रोहोबिच गाव, फेलिक्स लांडाउ नावाच्या गेस्टापो, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांतल्या, अधिकाऱ्याचा बंगला. लांडाउला मुलाच्या खोलीच्या भिंतीवर परीकथा रंगवून हव्या होत्या, आणि गावातला चित्रकला शिक्षक त्याच्या मुठीत होता. मोबदला काय, तर थोडं अन्न आणि आजचा दिवस जिवंत राहण्याची मुभा. शुल्त्सने राजकन्या काढली, बुटके काढले, घोडे काढले. आणि गाडीवानाच्या जागी स्वतःचा चेहरा काढला. ज्यूंना तेव्हा गाडीत बसायची, गाडी हाकायची बंदी होती. ज्याच्या हुकमावर माणसं मरत होती त्याच्याच घरात, त्याच्याच पोराच्या भिंतीवर, या माणसाने स्वतःच्या हातात लगाम दिला. हे चित्र त्या भिंतीवर, त्या घरात, त्या गावात असण्यातच सगळं आहे. जेरुसलेमच्या काचेमागे तो गाडी हाकणारा एक माणूस उरतो, आणि बाकीचं शेजारच्या पाटीला सांगावं लागतं.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी लिहितो. १९ नोव्हेंबर १९४२. त्या दिवशी गावात गेस्टापोने रस्त्यावर दिसेल त्या ज्यूला गोळ्या घातल्या, दोनशेवर माणसं गेली. वॉर्सातल्या मित्रांनी शुल्त्ससाठी खोटी कागदपत्रं जमवली होती, तो निघण्याच्या बेतात होता. चात्स्की आणि मित्सकेविच या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कार्ल ग्युंथर नावाच्या दुसऱ्या गेस्टापोवाल्याने त्याला मारलं. कारण? लांडाउने ग्युंथरच्या मर्जीतला एक ज्यू दंतवैद्य मारला होता. तू माझा मारलास, मी तुझा मारला. हिशेब पुरा. लांडाउला १९६२मध्ये जन्मठेप झाली आणि १९७३मध्ये माफीही मिळाली. शुल्त्सची कबर कुठे आहे हे आज कुणी दाखवू शकत नाही.

भिंत मात्र राहिली. बंगल्याचे पुढे फ्लॅट झाले, पोराच्या खोलीची एका बिऱ्हाडाची कोठी झाली, चित्रांवर रंगाचे हात चढत गेले. फेब्रुवारी २००१मध्ये बेन्यामिन गाइसलर हा जर्मन माहितीपटकार शोधत तिथे पोचला आणि कोठीच्या भिंतीवर फिकट रंगाखालून चेहरे दिसायला लागले. पोलंडहून आणि युक्रेनमधल्या ल्विव शहराहून जाणकार आले, त्यांनी हात शुल्त्सचाच असल्याचं सांगितलं. आणि मे महिन्यात याद वाशेम या जेरुसलेममधल्या ज्यू संहाराच्या स्मारकसंस्थेची माणसं येऊन पाच तुकडे कापून घेऊन गेली. शोध लागून पुरते चार महिनेसुद्धा झाले नव्हते! गावाने, पोलंडने, युक्रेनच्या तज्ज्ञांनी बोंब मारली. कोणी परवानगी दिली, कोणी कागदावर सही केली, यावर वाद झाले. याद वाशेमचं म्हणणं असं की ज्यू म्हणून मारल्या गेलेल्या माणसाच्या या कामावर आपला नैतिक हक्क आहे.

आता ज्यांना वाटतं की भिंतीवरचं चित्र ‘काढून नेणं’ म्हणजे कॅलेंडर खिळ्यावरून उतरवणं, त्यांच्यासाठी थोडं कामाचं लिहितो.

भिंतीवरचं चित्र दोन जातींचं. ओल्या चुन्यावर रंगवलं, म्हणजे फ्रेस्को, तर चुना वाळताना रंग त्याच्या पोटात जातो, दगडासारखा बसतो. कोरड्या गिलाव्यावर रंगवलं तर रंग फक्त वरच्या डिंकाच्या, सरसाच्या नाहीतर दुधातल्या केसिनच्या जोरावर चिकटून असतो. लांडाउच्या घरातली चित्रं कोरड्यावरची आहेत, सगळे त्यांना फ्रेस्को म्हणत असले तरी. हा फरक किती मोठा आहे? उतरवायच्या आधी चित्राच्या तोंडावर जपानी कागद आणि वर जाळीदार कापड चिकटवावं लागतं, नाहीतर कापताना रंग भुकटी होऊन खाली पडतो. हे चिकटवायला जुने लोक गरम सरस वापरत. खऱ्या फ्रेस्कोला तो चालतो, कारण त्याचा रंग पाण्याने सुटत नाही. कोरड्या चित्राला सरसाचं पाणी लागलं की खालचा बांधणारा पदार्थ मऊ पडतो, आणि सरस वाळून आकसला की रंगाचा पोपडा ओढून वर घेतो. म्हणून आधी कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, प्रत्येक रंगावर पाणी, स्पिरिट, अॅसिटोन यांचा बोळा फिरवून बघायचं. कोणता रंग कशाने सुटतो याची यादी झाल्याशिवाय पुढे हात लावायचा नाही.

त्याही आधी नोंद. भिंतीचा नकाशा, पारदर्शक कागदावर एकास एक मापाचं ट्रेसिंग, आणि बाजूने तिरपा उजेड टाकून काढलेले फोटो, कारण सुटलेला पोपडा तिरप्या उजेडातच सावली टाकतो. मग बोटाच्या पेराने भिंत टोकत जायची. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे, बद्द आला तर मागे पोकळी आहे. त्या पोकळीत सुईने पातळ चुन्याचं ग्राउट भरून ते वाळेपर्यंत थांबायचं, आणि चुन्याला वाळायला दिवस नाही, आठवडे लागतात. हे सगळं झाल्यावर आणि दुसरा इलाजच नसेल तर कापायचं. लांब पातळ पटाश्या मागून घालत, खालून वर नेत, तुकडा फळीवर घ्यायचा. पोकळी न भरता कापलात तर चीर तुम्हाला हवी तिथून जात नाही, गिलावा कमकुवत असतो तिथून जाते, आणि ती जागा नेमकी कुणाच्या तरी गालावर असते. कडा तर हमखास चुरतात. भिंतीत राहिलेल्या भागाचा आधारही सुटतो, त्यामुळे मागे ठेवलेलं चित्र नेलेल्याइतकंच अडचणीत येतं.

एवढं सगळं फेब्रुवारी ते मे यात नीट उरकतं? पोलंड, युक्रेन आणि इस्रायल यांचे तज्ज्ञ एका टेबलावर बसून ठरवण्यातच वर्ष गेलं असतं, आणि ते वर्ष जायलाच हवं होतं.

अजिंठ्याचं आठवा. १८२८च्या सुमारास कुणा डॉक्टर बर्डने सतराव्या लेण्यातल्या आकृत्या सोलून काढल्या, त्यांची माती झाली. नंतर निजामाने इटालियन माणसं आणली, त्यांनी जपण्याच्या नादात शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, फासलं आणि ते पिवळं पडलं. तेव्हा ‘सुरक्षित’ या शब्दावर आपल्याकडच्या माणसाने तरी इतक्या लगेच भाळू नये.

हां, एक कबूल करतो. कोठीत ती चित्रं सुखात नव्हती. स्वयंपाकघराची वाफ, वर ऑइलपेंट, भिंतीत ओल. हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की भिंतीतलं मीठ पाणी धरून विरघळतं, खाली आली की पुन्हा खडे होतात आणि खडे होताना रंगाला मागून ढकलतात. भिंतीला लोणा लागतो तो असाच. वर्षभर हे चढउतार चालू राहिले तर चित्र राहत नाही. आणि गावाकडे पैसे नव्हते, हेही खरं. पण ओल काढायला भिंत कापावी लागत नाही! बिऱ्हाडाला दुसरी जागा द्यायची, खोली ताब्यात घ्यायची, वाफेचा मार्ग तोडायचा, तापमान आणि आर्द्रता टिपणारं यंत्र वर्षभर ठेवायचं. याद वाशेमने त्या कामाला पैसे दिले असते तर आज सगळं जग द्रोहोबिचला जाऊन ती कोठी बघत असतं.

आता हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, कारण गावाचं आठवलं.

द्रोहोबिच मिठाचं गाव. शेकडो वर्षं तिथे खाऱ्या पाण्यापासून मीठ काढतात, जवळच बोरिस्लावला तेल सापडलं आणि पैसा आला. गावाबद्दल एक जुनी गंमत सांगतात की हे दीड गाव आहे: अर्धं पोलिश, अर्धं युक्रेनी, अर्धं ज्यू. शुल्त्स जन्मला १८९२मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत, शिकवायला लागला पोलंडमध्ये, नोकरीची शेवटची वर्षं सोव्हिएत अमलात, मेला जर्मनांच्या ताब्यात, आणि आज ते गाव युक्रेनमध्ये आहे. गाव त्याने जवळपास सोडलंच नाही. लिहिलं पोलिशमध्ये. लग्न करता यावं म्हणून १९३६मध्ये ज्यू समाजाच्या नोंदीतून नावही काढलं होतं, लग्न झालं नाही ते वेगळं. ग्युंथरने काही ती नोंद बघितली नाही. ज्यू म्हणूनच मारला गेला, हे मी कधीच नाकारणार नाही. पण मारणाऱ्याने ज्या एका ओळखीवरून मारलं, तेवढीच ओळख धरून मागे उरलेल्या कामाची वाटणी करायची का?

तिथली माणसं काय करतात ते बघा. तो १९२४पासून १९४१पर्यंत ज्या शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवत होता, ती इमारत आता विद्यापीठाकडे आहे, आणि २००३पासून तिथे त्याची खोली संग्रहालय म्हणून जपली आहे. २००४पासून त्याच विद्यापीठाचा पोलिश विभाग दर दोन वर्षांनी त्याच्या नावाने आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवतो. दर १९ नोव्हेंबरला माणसं त्या कोपऱ्यावर जमतात, आणि वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकत्र प्रार्थना म्हणतात. युक्रेनी लेखक युरी आंद्रुखोविचने शुल्त्सच्या कथा युक्रेनीत आणल्या, २०१२मध्ये पुस्तक आलं. सोव्हिएत काळात फर्निचरचं दुकान झालेलं गावातलं भव्य सिनेगॉग दुरुस्त होऊन २०१८मध्ये उघडलं. आणि आल्फ्रेड श्रायर! शुल्त्सचा विद्यार्थी, छळछावण्यांतून वाचला, गावी परत आला आणि २०१५मध्ये जाईपर्यंत पोलिश, युक्रेनी, यिडिश गाणी गात राहिला. तो सांगायचा की हस्तकलेच्या तासाला मास्तर गोष्ट सांगायला लागले की वर्गातल्या करवती थांबायच्या. त्या वर्गात तिन्ही अर्ध्या गावांची पोरं होती.

आणि तरी लोकांना वाटतं वारसा म्हणजे भिंतीचे तुकडे. शुल्त्सचं बाकीचं काम कागद आणि काच आहे, आणि त्याची निगा जास्त चिवट. १९२०च्या सुमारास त्याने काचेवर कोरून केलेले प्रिंट घ्या. फोटोच्या काचेवर काळी पडलेली जिलेटिन, त्यात सुईने ओरखडे, मग ती काच प्रकाशसंवेदी कागदावर ठेवून उजेड द्यायचा. जिथे ओरखडा तिथे काळी रेघ. म्हणजे दिसायला एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून घेतलेला छाप), जातीने फोटो. त्याला एचिंगसारखं वागवलं की फसलात. धुताना हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, राहिला असेल तर वर्षांनी पिवळे डाग येतात, दमटात जिलेटिन फुगून शेजारच्या कागदाला चिकटते. आर्द्रता तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवायची, पीव्हीसीची पाकिटं फेकून द्यायची. पेन्सिलची रेखाटनं स्वस्त कागदावर, तो पिवळा पडून ठिसूळ होतो. पन्नास लक्सच्या वर उजेड नको, तीन महिने लावली की काही वर्षं अंधारात विश्रांती. युद्धात वीज जाते तेव्हा हीटर बंद, आर्द्रता वर, आणि ही सगळी गणितं कोलमडतात. तेव्हा मदत करायचीच असेल तर तापमान-आर्द्रता टिपणारे डेटालॉगर द्या, आम्लमुक्त खोकी द्या, जनरेटरचं डिझेल द्या. हे कुणाला फोटो काढून टाकण्यासारखं वाटत नाही, म्हणून कुणी देत नाही.

१९२२मध्ये तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत टोपणनावाने छापलेली कथा त्याचीच आहे, हे अगदी अलीकडे एका युक्रेनी संशोधक बाईंनी ल्विवच्या दप्तरातून शोधून काढलं. दप्तर गावाजवळ होतं म्हणून सापडली. हस्तलिखितं त्याने घेट्टोबाहेर, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीबाहेर, कुणाकुणाकडे ठेवायला दिली होती, ती अजून सापडलेली नाहीत. ती कुठल्या तरी माळ्यावर असतील तर शोधणार कोण? तिथली भाषा येणारी, तिथल्या म्हाताऱ्यांच्या घरी चहा घेणारी माणसंच ना?

२००८मध्ये तडजोड झाली. इस्रायलने मान्य केलं की तुकडे युक्रेनच्या मालकीचे आहेत, आणि युक्रेनने ते वीस वर्षांसाठी उसने दिले. फेब्रुवारी २००९पासून ते याद वाशेममध्ये मांडले आहेत. उरलेले द्रोहोबिचच्या संग्रहालयात. गाइसलरने त्या कोठीची प्रकाशचित्रांतून उभी केलेली प्रतिकृती केली, आत शिरून चारी भिंती एकत्र बघता येतात. म्हणजे ती खोली आज पूर्ण बघायची तर प्रोजेक्टर लावावा लागतो.

वीस वर्षं २०२८ला भरतात. मुदत वाढवा, युद्ध चालू असेल तर वाढवाच, मी हट्टाला पेटलेलो नाही. पण वाढवताना अटी घाला. दोन्हीकडच्या सगळ्या तुकड्यांची एकाच पद्धतीने अवरक्त आणि अतिनील किरणांत छायाचित्रं, कडा कडेला जुळवून. रंगाच्या कणांची तपासणी, तिचा अहवाल युक्रेनी आणि पोलिशमध्ये. नेताना पुढून काय चिकटवलं आणि मागून काय भरलं त्याची पूर्ण नोंद द्रोहोबिचला, कारण पुढे कधी जोडायची वेळ आली तर मागचा रेझिन कशाने सुटतो हे माहीत असल्याशिवाय कुणी हात लावू शकणार नाही. आणि गाडीवानाची एकास एक मापाची, हाताने केलेली प्रत गावाला, याद वाशेमच्या खर्चाने.